संशोधनाच्या बातमीतला आकडा कितपत धरायचा, हे विज्ञानाची पदवी नसलेल्याने कसं ठरवावं?

तुम्ही विचारलंय की "खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक सापडला", "संमीलनातून घातली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली", "वजनाच्या इंजेक्शनने हृदयविकार २० टक्क्यांनी घटला", "नागिणीच्या लसीने स्मृतिभ्रंश टळतो" अशा बातम्या वाचून काय धरायचं आणि काय सोडायचं. माझं उत्तर असं की बातमीत एक आकडा छापलेला असतो आणि त्याचा जोडीदार आकडा छापायचा राहिलेला असतो. तो जोडीदार शोधायचा. कधी तो छेद असतो, कधी मोजमापातली त्रुटी, कधी नमुन्याचा आकार, कधी ज्याच्याशी तुलना केली तो गट.

इंजेक्शनपासून सुरुवात करू, कारण त्यातली रीत एकदा हाताला बसली की औषधांच्या बहुतेक बातम्या वाचता येतात. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची 'सिलेक्ट' ही चाचणी २०२३ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. १७,६०४ माणसं, वय ४५ किंवा अधिक, आधीच हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार असलेली, बॉडी मास इंडेक्स २७ किंवा त्याहून जास्त, मधुमेह नसलेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली मात्रा. सरासरी ३९.८ महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी औषधाच्या गटात ८,८०३ पैकी ५६९ जणांना झालं आणि प्लासिबोच्या गटात ८,८०१ पैकी ७०१ जणांना. म्हणजे शेकडा ६.५ आणि शेकडा ८.०.

आता बातमीतले २० टक्के कुठून आले? दोन्ही गटांतल्या धोक्याच्या दराचं गुणोत्तर ०.८० आलं, म्हणून २० टक्के घट. हे सापेक्ष माप झालं. निरपेक्ष फरक ८.० वजा ६.५, म्हणजे शंभरात दीड. शंभराला दीडने भागा: सुमारे ६७. साधारण सव्वातीन वर्षं ६७ जणांना औषध दिलं तर एका माणसाची घटना टळते. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण निर्णय घेताना उपयोगी पडतो तो ६७. त्याच निबंधात खाली आणखी एक ओळ असते आणि ती सहसा कुणी छापत नाही: त्रासामुळे औषध कायमचं सोडणारे औषधाच्या गटात १६.६ टक्के, प्लासिबोच्या गटात ८.२ टक्के. त्रास मुख्यतः पोटाचा. गुणोत्तराशेजारी ०.७२ ते ०.९० असा पल्ला दिलेला असतो, त्याला विश्वासांतराल म्हणतात. घट १० टक्के असू शकते, २८ टक्केही असू शकते, एवढाच त्याचा अर्थ. गुणोत्तर १ म्हणजे दोन्ही गटांत धोका सारखाच. हा पल्ला १ ला ओलांडून पलीकडे गेला असता, तर "फायदा झाला" असं ठामपणे म्हणता आलं नसतं.

आणि मधुमेह नसलेल्या, हृदय धडधाकट असलेल्या तिशीतल्या माणसाला यातला एकही आकडा लागू होत नाही. चाचणीत कोण होते ही ओळ आकड्याइतकीच महत्त्वाची. घाईत वाचताना नेमकी हीच सुटते.

काही वेळा जोडीदार आकडा मोजपट्टीची लांबी हा असतो. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅबने "ऱ्हास २७ टक्क्यांनी मंदावला" हे तुम्ही वाचलं असेल. स्मृती आणि रोजचे व्यवहार मोजणारी ही मोजपट्टी ० ते १८ गुणांची. १८ महिन्यांत प्लासिबो गट १.६६ गुणांनी घसरला, औषधाचा गट १.२१ गुणांनी. फरक ०.४५. दुसऱ्या बाजूला, मेंदूला सूज येण्याची खूण स्कॅनमध्ये १२.६ टक्के रुग्णांत दिसली, प्लासिबोत १.७ टक्के. परिणाम खरा आहे, संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला आहे. तो घरच्या माणसांना जाणवेल इतका आहे का, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत आणि मला तो मतभेद रास्त वाटतो.

"शून्य" हा आकडा तर फारच फसवतो. लेनाकॅपाविर हे सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शन. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण मुली-स्त्रियांवरच्या चाचणीत इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अशा वेळी तीनचा नियम वापरा: शून्य घटना दिसल्या तर ३ ला माणसांच्या संख्येने भागा, ती खऱ्या धोक्याची वरची मर्यादा. ३ भागिले २,१३४ म्हणजे ०.१४ टक्का, हजारी जेमतेम दीड. इतकी माणसं असल्यामुळे हे शून्य भक्कम ठरतं. तेच शून्य ३० जणांत आलं असतं तर धोका १० टक्क्यांपर्यंत असू शकला असता! या चाचणीत रोजच्या गोळ्यांच्या एका गटात १,०६८ पैकी १६ जणींना संसर्ग झाला. त्यावरून गोळी निकामी आहे असं समजू नका. रक्ततपासणीत दिसलं की बहुतेकींकडून गोळ्या नियमित घेतल्या गेल्या नव्हत्या. इंजेक्शनची मोठी जमेची बाजू हीच की रोजची आठवण ठेवावी लागत नाही.

सार्वजनिक आरोग्यात बहुतेक वेळा चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची अशी चाचणी घेताच येत नाही, आणि तिथे जोडीदार म्हणजे तुलनेचा गट. लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसला एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. आपणहून लस घ्यायला जाणारी माणसं मुळातच प्रकृतीची काळजी घेणारी, दवाखान्यापर्यंत चालत जाऊ शकणारी असतात. ती तशीही कमी आजारी पडतात.

म्हणून २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेला वेल्समधला अभ्यास मला इतका आवडतो. वेल्समध्ये नागिणीची लस १ सप्टेंबर २०१३ पासून द्यायला लागले. नियम असा की त्या दिवशी ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना ती कधीच मिळणार नाही. २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र, आदल्या दिवसापर्यंत जन्मलेले अपात्र. आता त्या तारखेच्या आठवडाभर अलीकडे आणि आठवडाभर पलीकडे जन्मलेल्या दोन माणसांत शिक्षण, आहार, व्यायाम, इतर आजार यांत सरासरी काय फरक असणार? काहीच नाही. फरक फक्त लसीचा: अपात्रांत लस घेण्याचं प्रमाण ०.०१ टक्का, लगेच पलीकडच्या पात्रांत ४७.२ टक्के. जन्मतारखेनेच चिठ्ठ्या टाकल्या. सात वर्षांच्या नोंदींत लस घेतल्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या नव्या निदानात शंभरी ३.५ इतकी घट दिसली, सापेक्ष हिशेबाने सुमारे २० टक्के, आणि परिणाम स्त्रियांत ठळक होता. मर्यादाही लिहून ठेवा. ती लस जुनी, जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची होती. आता अनेक ठिकाणी दिली जाते ती वेगळ्या घडणीची आहे, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा तिच्या खात्यात टाकता येत नाही. आणि सगळी माणसं ऐंशीच्या आसपासची होती.

आता भौतिकशास्त्र. इथे "किती जणांत" या प्रश्नाच्या जागी "कुठून कुठपर्यंत मोजलं" हा प्रश्न येतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर किरणांनी लक्ष्यावर, म्हणजे इंधनाची बारीक गोळी ठेवलेल्या कुपीवर, २.०५ मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि संमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येण्यातून, ३.१५ मेगाज्यूल निघाली. पल्ला लक्ष्यापासून धरला तर दीडपट फायदा. पण ते लेझर चालवायला वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल खेचले गेले. किलोवॅट-तासात सांगायचं तर ८३ घातले आणि एकाहून कमी मिळाला. लक्ष्याने स्वतःला मिळाली त्याहून जास्त ऊर्जा देणं हा कित्येक दशकं हुलकावणी देणारा टप्पा होता, तो ओलांडला गेला हे निखळ यश आहे. जुलै २०२३ मध्ये तो पुन्हा ओलांडला, ३.८८ मेगाज्यूल घेऊन, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. वीजकेंद्र मात्र अजून फार दूर आहे.

अतिवाहकाची बातमी २०२३ च्या जुलैतली, कोरियातून आलेल्या एलके-९९ ची. तो प्रीप्रिंट होता, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जगापुढे ठेवलेला मसुदा. अतिवाहकाच्या दोन खुणा एकत्र दिसाव्या लागतात: विद्युत रोध खरोखर शून्य होणं आणि चुंबकीय क्षेत्र आतून बाहेर ढकललं जाणं. इथे १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास रोध झपकन पडला होता. तो का, हे थोड्याच आठवड्यांत उलगडलं. पदार्थ बनवताना त्यात कॉपर सल्फाइड मिसळून राहतं आणि नेमकं त्याच तापमानाजवळ त्याची स्फटिकरचना बदलून त्याचा रोध एकदम घसरतो. जर्मनीतल्या संशोधकांनी ही भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवला, तर तो चक्क विद्युतरोधक निघाला. व्हिडिओत चुंबकावर तरंगणारा तुकडाही एका कडेने टेकलेलाच होता. असे आलेख बघताना उभ्या अक्षावरचं एकक आधी वाचा, ढोबळ मापावर तांब्याचा रोधसुद्धा शून्यच दिसतो.

म्युऑन या इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाची गोष्ट याहून सूक्ष्म. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने त्याच्या चुंबकत्वाचं मोजमाप जाहीर केलं. ते आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं जुनं मोजमाप मिळून सिद्धान्ताच्या हिशेबाशी तफावत ४.२ सिग्मा (अंदाजित त्रुटीच्या ४.२ पट), म्हणजे निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता चाळीस हजारांत एक. शोध म्हणवून घ्यायला ५ सिग्मा लागतात, त्याच हिशेबाने साधारण साडेसतरा लाखांत एक. जून २०२५ मध्ये अंतिम मोजमाप आलं, अब्जात १२७ भाग इतक्या अचूकतेचं, आणि आधीचं मोजमाप बरोबर ठरलं. बदलला तो समोरचा आकडा. सिद्धान्ताच्या हिशेबातला एक तुकडा पूर्वी इतर प्रयोगांच्या निकालांवरून काढत. ते निकालच एकमेकांशी जुळेनात, म्हणून महासंगणकावरच्या गणिताचा आधार घेतला आणि तफावत जवळजवळ मिटली. फर्मीलॅबच्या प्रयोगात चूक नव्हती. सिग्मा फक्त मानलेल्या त्रुटींपुरती खात्री देतो, न मानलेल्या चुकीबद्दल तो काही सांगत नाही.

अभियांत्रिकीत क्षेत्रफळ आणि आयुष्य विचारा. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट या प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकी पदार्थाचा थर दिलेल्या सौरघटाने २०२३ मध्ये ३३.९ टक्के कार्यक्षमता गाठली. एकट्या सिलिकॉनची सैद्धान्तिक मर्यादा २९.४ आहे, तेव्हा हे मोठंच काम. घटाचं क्षेत्रफळ होतं साधारण एक चौरस सेंटीमीटर. पॅनेलएवढा थर एकसारखा बसवताना बारीक छिद्रं राहतात आणि कार्यक्षमता घसरते. दमटपणा, उष्णता आणि खुद्द प्रकाश यांनी पेरोव्हस्काइट विघटित होतं. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास काढण्याची कसोटी पॅनेलांना द्यावी लागते. बातमीत तिचा उल्लेख नसेल तर तो विक्रम प्रयोगशाळेपुरता धरा.

हे सगळं शोधायचं कुठे? बातमीतलं नियतकालिकाचं नाव आणि विषयाचे दोन शब्द घेऊन वैद्यकीय निबंध पबमेड या निबंधांच्या मोफत सूचीत शोधा. सारांश फुकट वाचता येतो आणि वरचे बहुतेक आकडे त्यातच असतात. औषधाची चाचणी असेल तर सारांशाच्या शेवटी एनसीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसेल. तो क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या चाचण्यांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावर टाका आणि नोंदीचा इतिहास उघडा. सुरुवातीला ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट आणि निबंधात मिरवलेलं उद्दिष्ट वेगळं निघालं, तर तो निष्कर्ष नव्या चाचणीपर्यंत बाजूला ठेवा. भौतिकशास्त्राचे मसुदे आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर असतात, तिथे आवृत्त्या किती झाल्या आणि शेवटच्या आवृत्तीत काय बदललं ते बघा. जुनी बातमी कुणी पुढे पाठवली असेल तर नियतकालिकाच्या पानावर निबंध मागे घेतल्याची सूचना आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. मार्च २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला ल्युटेशियम हायड्राइडच्या अतिवाहकतेचा निबंध त्याच वर्षी नोव्हेंबरात मागे घेतला गेला, पण मार्चमधल्या बातम्या आजही जशाच्या तशा सापडतात.