ड्रेसाज शिकायला आलायस? आधी बैठक जमव

हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली आपल्या चौघांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या खेळाचं, सांघिक सुवर्ण आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. ते पाहून तू आलास, छानच! पण पियाफ (घोड्याची जागच्या जागी दुडकी) वगैरे तूर्त विसर.

सुरुवातीला दोनच गोष्टी:

- लंजवर (शिक्षक लांब दोरीने घोडा स्वतःभोवती गोल फिरवतो तेव्हा), रिकिबीविना बसायला शीक. मांड्या भरून येतील, येऊ देत.
- २० मीटरचं वर्तुळ गोलच काढ. बहुतेकांचं अंडं होतं, कारण नजर घोड्याच्या कानांवर असते. ती पुढच्या वळणावर हवी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोल गेला की लगामाला लोंबकळणं. शिक्षा घोड्याच्या तोंडाला होते. मीही केलंय, म्हातारी घोडी सरळ थांबली आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. तोल जातोय वाटलं तर आयाळ धर, लाज कसली!