डब्यांवरच्या चिठ्ठ्या आणि पुढचं शिक्षण

प्रश्न: शिक्षकांच्या देखरेखीखाली आम्ही नऊ विद्यार्थ्यांनी एक जुना, तीन सिलिंडरचा डिझेल ट्रॅक्टर दुरुस्तीला घेतला. सहा महिने झाले. जाम झालेलं इंजिन कसंबसं खोललं, पिस्टन बाहेर काढले, पण पुढे काम सरकत नाही. आता चौघंच उरलोय. पाने बाकीच्यांच्या हातात असतात. मी सुट्या भागांना चिठ्ठ्या लावते आणि वहीत नोंदी ठेवते. मला मेकॅनिकलला जायचंय, पण इथे तर मी कारकुनीच करतेय. आईबाबा म्हणतात, अभ्यास बुडतोय, सोडून दे. सोडू का?
– अकरावीची विद्यार्थिनी

उत्तर: ‘कारकुनी’ हा तुझा शब्द मला खटकला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मेन बेअरिंगच्या कॅप (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, जागेवर धरून ठेवणारी झाकणं) दिसायला एकसारख्या असतात. पण त्या ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, बसवूनच एकत्र बोअर केलेल्या, म्हणजे आतून कोरलेल्या असतात. दोन नंबरची कॅप तीनवर गेली किंवा आपल्याच जागी उलटी बसली, तर बोल्ट आवळल्यावर क्रँक फिरायला जड होतो किंवा बेअरिंग लवकर खराब होतं. व्हॉल्व्हचंही तसंच, प्रत्येकाची आपापल्या सीटशी, म्हणजे तो जिथे टेकून बंद होतो त्या कडेशी, जोडी जमलेली असते. सहा महिन्यांनी कुठली कॅप कुठली, हे कुणाच्या लक्षात राहणार? ते इंजिन पुन्हा जुळेल की नाही, हे तुझ्या चिठ्ठ्यांवर अवलंबून आहे.

तरीही वहीच्या आड बसू नकोस, हेही तितक्याच मनापासून सांगते. पिस्टन बाहेर आहेत, म्हणजे आता सिलिंडर मोजायची वेळ आली आहे. हे काम तू मागून घे. बोअर गेज (सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं साधन) आणि मायक्रोमीटर कसे धरायचे ते सरांकडून शिक. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोज. प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोन मापं घे. एका सिलिंडरची सहा, तिघांची अठरा. बहुतेक वेळा सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाशी सापडते, जिथे पिस्टनची वरची रिंग थांबून उलट फिरते. तिथे दाब आणि उष्णता सर्वाधिक असते आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. म्हणून सिलिंडर झिजून कॉम्प्रेशन गळायला लागलं, की इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं. पुस्तकातला उष्मागतिकीचा धडा तुझ्या हाताखाली पडलाय, तो असा वाच.

ही मापं घेताना स्वतःकडेही लक्ष दे. लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, बदलून इंजिन कधी एकदा सुरू होतंय, याची घाई झाली, तर तुझा कल दुरुस्ती आणि निदानाकडे आहे. त्यासाठी डिप्लोमाचा रस्ता उत्तम आहे आणि तो पदवीपेक्षा कमी प्रतीचा मुळीच नाही. ‘हे असंच का बनवलं असेल?’ हा प्रश्न छळत असेल, तर डिझाइन, म्हणजे पदवी. ट्रॅक्टरच्या मागची तीन दांड्यांची जोडणी बघ. हॅरी फर्ग्युसन या ट्रॅक्टर अभियंत्याने ती तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकशी जोडली आणि नांगराच्या ओढीनेच मागच्या चाकांवर भार वाढेल अशी रचना केली. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही जमिनीत पकड मिळाली. 1946 ते 1956 या काळात त्याच्या टीई-20 मॉडेलचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. असं काही वाचून तासन्‌तास विचार करत बसावंसं वाटलं, तर कृषी अभियांत्रिकीचाही विचार कर. आणि नोंदी ठेवण्यातच तुझा जीव रमत असेल, तर तांत्रिक लेखन आहे, जुन्या यंत्रांचं संग्रहालयातलं जतन आहे. तिथे मूळ रंग खरवडायचा की ठेवायचा, यावर निर्णय घेणारी माणसं लागतात.

आईबाबांचं म्हणणं चुकीचं नाही. ट्रॅक्टर दुरुस्त केल्याचे गुण प्रवेश परीक्षेत मिळत नाहीत. तिथे गणित आणि भौतिकशास्त्रच लागतं. म्हणून आठवड्यातला एकच दिवस ठरव आणि तो त्यांना सांगून ठेव. चौघांनी मिळून ‘ट्रॅक्टर पूर्ण करणं’ हे ध्येय सध्या बाजूला ठेवा. इंजिन जुळवून क्रँक हाताने मोकळा फिरला पाहिजे, एवढंच पुढचं ठाणं. गेलेल्या पाचांपैकी एखाददुसरा त्या दिवशी परत येईल.

एक काळजी मात्र घ्या. फक्त जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कुणीही जायचं नाही, खाली भक्कम स्टँड हवेतच. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका. आणि इंधन फवारणारं नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात नको. त्या दाबाने इंधन कातडीतून आत शिरतं.

तेव्हा सोडू नकोस. अठराही मापं घेतलीस, की वहीचं ते पान मला पाठव. कुठला सिलिंडर जास्त झिजलाय आणि तुला त्याचं कारण काय वाटतं, तेही लिही.