रेशीममार्गाची चित्रं शिकायची आहेत, तर केमिस्ट्री सोडू नका

नमस्कार,

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे. चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांनी तिला वेड लावलंय आणि रेशीममार्गावरची कला शिकायची म्हणून ती आर्ट्सला जायचं म्हणते. ‘जाऊ द्यावं का, आणि पुढे पोटापाण्याचं काय,’ असं तुम्ही विचारलंय. ही कला तिने जरूर शिकावी, पण त्यासाठी केमिस्ट्री हातची जाऊ देऊ नका.

का, ते एका चेहऱ्यावरून सांगतो. दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांपैकी २५४ आणि २५७ क्रमांकाची लेणी उत्तर वेई या जुन्या चिनी राजवटीतली (इ.स. ३८६ ते ५३४). तिथल्या अनेक आकृत्यांच्या चेहऱ्यांना आज जाड, काळपट कडा दिसतात; मधे डोळे आणि नाकाचा पांढरा रंग तेवढा उरलाय. चित्रकाराने असं काढलं नव्हतं. कडेला गडद आणि आत फिकट होत जाणारी गुलाबी छटा त्याने दिली होती. गोलाई आणायची ही रीत भारतातून मध्य आशियामार्गे तिकडे गेली. आपल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, तिला ‘वर्तना’ म्हणतात. अजिंठ्यात ती जवळून बघा. मग काळं कशाने झालं? अंगाच्या रंगात शेंदूर होता, मारुतीला लावायचा तोच पारंपरिक शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. उजेड आणि दमटपणाने त्याचं काळपट तपकिरी लेड डायऑक्साइड होतं. हे माहीत नसलं की बिघडलेल्या रंगालाच शैली समजून लिहिलं जातं. निळ्या रंगासाठीही केमिस्ट्रीच लागते: अजिंठ्यात आणि चीनच्या शिनजियांगमधल्या कुचाजवळच्या किझिल लेण्यांत लाजवर्द (लॅपिस लॅझुली) सापडतो. या दगडाच्या जुन्या खाणी अफगाणिस्तानच्या बदख्शानमध्ये. व्यापाराचा हा पुरावा प्रयोगशाळेतच हाती लागतो.

बारावीनंतर बी.एस्सी. केमिस्ट्री करू द्या. इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा राहिली असेल तर अकरावी-बारावीच्या धामधुमीतही द्यायला हवी, हात तयार राहतो. कॉलेजच्या जोडीला पालीचा सर्टिफिकेट कोर्स करावा; बौद्ध कथा ओळखता आल्या नाहीत तर चित्रासमोर उभं राहून उपयोग नाही. पदवीनंतर वाटा फुटतात. जुनी चित्रं-वस्तू टिकवण्याकडे, म्हणजे जतनाकडे, ओढा असेल तर नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये (पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट) कॉन्झर्व्हेशनमध्ये एम.ए. आहे. इतिहासाकडे ओढा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी. पण मग चिनी भाषा टाळता येणार नाही, आणि ती दोन-चार महिन्यांत येत नाही. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज करा.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो: जागा थोड्या आहेत. पुरातत्त्व खात्याच्या विज्ञान शाखेत रसायनतज्ज्ञ लागतात, आणि तिथे केमिस्ट्रीची पदवीच विचारली जाते. संग्रहालयांच्या जतन प्रयोगशाळांतही तसंच. नुसती आवड घेऊन आलेल्यांची रांग मोठी असते. त्यातही हे नाही जमलं तरी बी.एस्सी. वाया जात नाही.

येत्या सुट्टीत तिला एक काम द्या: लेण्यातल्यासारखी छोटी भिंत करून बघायची. फूटभर फरशीच्या खरखरीत बाजूवर एक भाग चाळलेली माती, दोन भाग बारीक वाळू आणि मूठभर भाताचं तूस भिजवून सेंटिमीटरभर थर द्यायचा. सावलीत आठवडाभर सुकू द्यायचं. वर चाळलेल्या मातीचा दोन मिलिमीटर थर, मग चुन्याचा पातळ हात. तो पुरता वाळला की गेरू आणि काजळी सरसात कालवून चित्र काढायचं. शेंदूर वापरू नका, शिसं विषारी असतं. माती जास्त झाली तर भेगा पडतात. उन्हात वाळवलं तर थर फरशी सोडतो. सरस घट्ट झाला तर रंग आक्रसून पापुद्रे निघतात, पातळ झाला तर बोटाला लागतो. एका कोपऱ्यात मिठाचं पाणी मुरवून पावसाळाभर बघायला सांगा. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होऊन रंगाला आतून ढकलतं. दुनहुआंगच्या भिंतींचं मोठं दुखणं हेच आहे.

हे करताना ती कंटाळली तर जतनाचा नाद सोडून इतिहासाकडे वळवा. रमली, तर दिल्लीला घेऊन जा. जनपथवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने १९०० ते १९१६ च्या तीन मोहिमांतून आणलेल्या मध्य आशियाई वस्तू आहेत. दालन उघडं आहे ना, ते आधी फोनवर विचारा, आणि वहीसोबत भिंगही घ्या.