फळझाडांवरची बुरशी जमिनीतल्या जिवाणूंनी खरंच आटोक्यात येते का?

येते, पण रोग पसरण्याआधी वापरले तर. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू इट्युरिन, फेंजायसिन अशी द्रव्यं सोडतो; त्यांनी बुरशीच्या पेशींचं आवरण फाटतं. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स मुळांभोवतीचं लोह आधीच पकडून ठेवतो, त्यामुळे बुरशीची उपासमार होते. शिवाय दोघंही झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात, आणि माझ्या मते खरा फायदा तिथेच आहे. मूळकूज झालेलं, अर्धं वाळलेलं झाड मात्र यांनी परत उभं राहत नाही.

फवारणी संध्याकाळी करा, कडक उन्हात जिवाणू मरतात. बोर्डो मिश्रण किंवा कोणत्याही ताम्रयुक्त औषधात मिसळू नका. बॅसिलस बीजाणू रूपात, म्हणजे टणक कवचाच्या सुप्त अवस्थेत, बराच टिकतो. स्यूडोमोनास बीजाणू करत नाही, म्हणून घेताना वापरण्याची अंतिम तारीख बघाच.