बाळाचा बाप्तिस्मा बायबलमध्ये कुठंय?

प्रश्न : मी कॅथलिक, नवरा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), पुण्यातल्या पंचहौदच्या चर्चचा. बाळाचा बाप्तिस्मा करायचाय. पण नणंद हल्ली एका नव्या फेलोशिपला (प्रार्थनागटाला) जाते, ती म्हणते तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा बायबलमध्ये दाखवा, ही माणसांनी घातलेली परंपरा आहे, जे वचनात नाही ते करायचंच नाही. आता नवऱ्यालाही ते पटायला लागलंय. काय सांगू?
– एक वाचक, वडगाव शेरी

उत्तर : ताई, नणंदबाईंचा प्रश्न वेडगळ नाहीये हं. बाळांना बाप्तिस्मा द्या असं सरळ वचन नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा झाला एवढं आहे, पण त्या घरात पाळणा होता की नाही ते लिहिलेलं नाही, त्यामुळे त्यावरून कितीही भांडा, निकाल लागत नाही.

पण मग त्यांना विचारा (चहा देऊन, प्रेमाने) की नव्या करारात पुस्तकं २७च, हे त्यातल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? कुठेच नाही! नेमकी आजची यादी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसच्या ३६७ सालच्या ईस्टरच्या पत्रात, म्हणजे तोवर कुठलं पत्र उपासनेत वाचायचं नि कुठलं नाही हे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्या वापरातून, वादावादीतून ठरवत होत्या, आणि ते ठरवणं म्हणजे परंपराच की. २ तीमथ्य ३:१६ हमखास पुढे केलं जातं, पण तिथे शास्त्र देवप्रेरित आणि उपयोगी आहे असं म्हटलंय, 'फक्त शास्त्र' असं नाही, उलट २ थेस्सलनीकाकरांस २:१५ मध्ये प्रेषित पौल तोंडी शिकवलेलंही धरून राहा म्हणतो.

म्हणून परंपरेच्या नावाखाली काहीही खपवा असं नाही बरं का. मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय ७ वाचा, वस्तू 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिली की आईबापाला द्यायला नको, ही पळवाट येशूने परुश्यांच्या (कर्मठ यहुदी पंथाच्या) तोंडावर उघडी पाडली. (शास्त्र की रूढी हे भांडण पुण्याला नवं नाहीच, १८९० साली तुमच्या नवऱ्याच्या त्याच पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे चहाला गेले तर ख्रिश्चनांकडे चहा घेतला म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं होतं.)

आता गंमत बघा, 'केवळ शास्त्र' म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने बाळांचा बाप्तिस्मा ठेवलाच, दुसरे सुधारक कॅल्व्हिन यांनीही ठेवला. त्यांचं म्हणणं एवढंच की शेवटचा शब्द शास्त्राचा, परंपरा त्याच्या विरोधात गेली तर सोडायची. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये उत्तर दिलं की शास्त्र आणि प्रेषितांपासून आलेली परंपरा, दोन्हींना सारखाच मान. मग १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की दोन्ही एकाच झऱ्यातून येतात, आणि चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याच्या सेवेत आहे. हे दुसरं वाक्य आपल्याच कॅथलिक लोकांना माहीत नसतं आणि मग वादात आपण 'पोपने सांगितलं' एवढ्यावर येऊन अडकतो.

माझं मत विचाराल तर परंपरा किती जुनी ते बघावं आणि ती वचनाला छेद देते का ते बघावं. इसवी सन २०० च्या आसपास तर्तुलियन हा सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती लेखक लिहितो की लहान मुलांचा बाप्तिस्मा जरा लांबवा, म्हणजे तेव्हा तो होत होता हे उघड आहे! छेद देतो असं मला तरी दिसत नाही.

नवऱ्याला एवढं सांगा की सीएनआयमध्येही बाळांचा बाप्तिस्मा मान्य आहे, आणि पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा दोन्हीकडे धरला जातो, तो परत करत नाहीत. फक्त कुठल्या चर्चमध्ये करायचा ते फादर आणि तिकडचे पाळक दोघांशी आधी बोलून ठरवा आणि दाखला नीट जपून ठेवा, फर्स्ट कम्युनियनला (मुलाला पहिल्यांदा प्रभुभोजन देतात तेव्हा) मागतात.