ब्लोअर फक्त चारवर चालतो, बुक्की मारली की सुरू होतो: आधी मोटर तपासा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नऊ वर्षांची हॅचबॅक, नॉबने फिरवायचा साधा एसी. आधी ब्लोअर, म्हणजे एसीची हवा फेकणारा पंखा, एक, दोन, तीनवर बंद झाला, चारवर तेवढा चालायचा. नवा रेझिस्टर (पंख्याचा स्पीड कमी करणारा पार्ट) टाकला, तोही काही आठवड्यांत गेला. आता चारवरही मधूनच थांबतो आणि ग्लोव्ह बॉक्सखाली बुक्की मारली की फिरायला लागतो. गॅरेजवाला म्हणतो, डॅशबोर्ड उतरवून अख्खी असेंब्ली बदलू.

डॅशबोर्डला हात लावू देऊ नका. बुक्कीने सुरू होणारी मोटर म्हणजे बहुतेक वेळा आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, झिजलेत. आणि दुसरा रेझिस्टर जळाला तो माल डुप्लिकेट होता म्हणूनच, असं मी धरणार नाही. चारवर करंट रेझिस्टरला वगळून सरळ मोटरला जातो, खालच्या तिन्ही स्पीडना रेझिस्टरमधून. म्हणून तो गेला की चार तेवढा उरतो. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) सुकून मोटर जड फिरायला लागली की ती जास्त करंट ओढते, रेझिस्टर तापतो आणि त्याच्यावरचा थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा फ्यूज, उडतो. त्यात रेझिस्टर बसवलेला असतो ब्लोअरच्याच हवेच्या वाटेत, कारण तीच हवा त्याला थंड ठेवते. केबिन फिल्टर चोंदलेला असेल तर तोही मार बसतो. नवा रेझिस्टर टाकत राहाल तर मोटर तो खातच राहील. काही जण त्या थर्मल फ्यूजवर तार डाखून देतात. कृपया करू नका, आग लागायची ती तिथेच लागते.

आता तपासणी. फ्यूज आधी बघा, पण उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा टाकू नका. मग ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबा, तो खाली येतो. बहुतेक गाड्यांत डावीकडे, पाय ठेवायच्या जागेच्या वर, मोटरचा गोल बूड दिसेल आणि त्यात दोन तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडायचा प्लग.

इथे हमखास गोंधळ होतो. मल्टीमीटरची काळी पिन बॉडीला लावून लोक मोजतात, बारा व्होल्ट दिसतात आणि मोटर गेली म्हणून मोकळे होतात. बऱ्याच गाड्यांत मोटरला प्लस कायम मिळतो आणि स्विच व रेझिस्टर मायनसच्या बाजूला असतात. कपलर जोडलेला असताना दोन्ही तारांवर बॉडीच्या हिशोबाने बारा व्होल्ट दिसले, तर मोटर बंद असूनही दोष अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, वाटेत आहे: स्विच, रेझिस्टर किंवा जळकी तार. म्हणून दोन्ही पिना कपलरच्या दोन तारांवरच लावा. चारवर तिथे बारा व्होल्ट आहेत आणि मोटर गप्प, तर मोटरच गेली. मीटर नसेल तर इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब तारा जोडून त्याच दोन तारांवर लावा. तो मीटरपेक्षाही खरं बोलतो, कारण जळक्या पिनेतून मीटरला व्होल्ट दिसतात पण बल्ब मंद पेटतो. कपलरचं प्लास्टिक तपकिरी झालंय किंवा पिन सैल आहे का तेही बघा. तसं असेल तर कपलरही बदलायचा, नाहीतर नवी मोटरही त्याच पिनेवर तापेल.

बदलताना इग्निशन बंद, बॅटरीचा मायनस काढा आणि काही मिनिटं थांबा. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग तिथेच वर असते, पिवळ्या कपलरांना शिवायचं नाही. मोटर साधारण तीन स्क्रूंवर असते. काढली की पंख्यासकट खाली येते. पंख्याच्या पात्यांवर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका, ती बॅलन्ससाठी असते. मोटरच्या अंगाला छोटी रबरी नळी जोडलेली असेल तर तिच्यातून मोटरला थंड हवा मिळते, ती परत लावायला विसरू नका. नवी मोटर जुनीशी शेजारी ठेवून ताडा: फिरण्याची दिशा, पंख्याची उंची, कपलरचा आकार. दिशा उलटी असली तर पंखा फिरतो, पण व्हेंटमधून जेमतेम वारा येतो, आणि लोक पुन्हा रेझिस्टर बदलायला धावतात.

मोटर निघालेली असताना भोकातून आत हात घालून बघा. सुकी पानं, शेंगांची टरफलं, उंदराने कुरतडलेला फोम, काहीही सापडतं. पावसाळ्यात गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर वायपरखालची जाळीही साफ करा; तिथलं पाणी जायची वाट पानांनी तुंबली की पाणी सरळ मोटरवर ठिबकतं आणि शाफ्टला गंज चढतो. मोटरच्या बुडावर गंजाचे ओघळ दिसले तर कारण तेच. डावीकडच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट ओलं असेल तर एसीची पाणी जायची नळीही बघून घ्या.

गॅरेजवाल्याला एवढंच सांगा: मोटर आणि रेझिस्टर दोन्ही एकदमच बदल, जुने पार्ट परत दे. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हे अर्ध्या-एक तासाचं काम आहे. हेच गणित ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या, म्हणजे ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या एसीच्या, गाडीला लावू नका. तिथे साधारणपणे रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं आणि ते गेलं की ब्लोअर कधी पूर्ण बंद, तर कधी गाडी बंद केली तरी फुल स्पीडने चालूच.