वाचकांचे प्रश्न : दाराशी ठेवलेले बूट

प्रश्न : तीन वर्षांपासून मी स्वतःच्या अनुभवांवर लेख लिहितो. घरच्यांना ते आवडतात. अनोळखी वाचकांकडून मात्र ‘छान’ या एका शब्दापलीकडे काही येत नाही. वडिलांच्या निवृत्तीवरचा लेख सोबत पाठवत आहे. तो मनाला का भिडत नाही?

उत्तर : आपला लेख दोनदा वाचला. त्याचे पहिले वाक्य असे आहे : ‘बाबा निवृत्त झाले तो दिवस आम्हा सर्वांसाठी अत्यंत भावपूर्ण होता.’ हे वाक्य कोणाच्याही बाबांविषयी लिहिता येईल, हीच त्याची अडचण आहे. घरच्यांना ते पुरते, कारण बाबांचा आवाज आणि चालण्याची ढब त्यांच्या मनात आधीपासून असते आणि लिहायचे राहून गेलेले ते आपोआप भरून घेतात. अनोळखी वाचकाजवळ मात्र आपण कागदावर जे ठेवाल तेवढेच असते.

आता चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी आपण जाता जाता काय लिहून गेला आहात ते पाहा. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे बुटांना पॉलिश केले, ते दाराशी ठेवले, क्षणभर तिथेच उभे राहिले आणि मग बूट उचलून पुन्हा जागेवर ठेवून दिले. लेखाचा सारा जीव इथे आहे, आणि त्याच्या वाट्याला आली आहे दीड ओळ. सत्काराला आणि भाषणांना मात्र दोन सविस्तर परिच्छेद! लेख बुटांपासून सुरू करावा. पॉलिशचा वास, ब्रशचा आवाज, त्या वेळी आपण कुठे होता, हे यावे आणि मुख्य म्हणजे, बाबांना तसे उभे पाहून आपण काही बोललात की पाहिलेच नाही असे दाखवलेत, तेही यावे. ‘आम्ही सारे गहिवरलो’ यातल्या ‘आम्ही’आड आपण लपून बसला आहात. वाचकाला बाबांइतकाच त्यांचा मुलगाही दिसायला हवा.

‘निवृत्ती हा शेवट नसून नवी सुरुवात आहे’ हे अखेरचे वाक्य काढून टाकावे. ते निवृत्तिसमारंभात एकदा बोलून झालेले असतेच.

या लेखनप्रकाराचा आद्य पुरुष म्हणता येईल असा सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक मिशेल द मोंतेन इथे आठवतो. १५८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांना त्याने जे नाव दिले, त्या ‘एसे’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘प्रयत्न’ किंवा ‘चाचपणी’ असा होतो. पुस्तकाचा विषय मी स्वतःच आहे, हे त्याने प्रारंभीच वाचकाला सांगून टाकले आणि पुढे आपल्या मुतखड्याविषयी, खाण्याझोपण्याच्या सवयींविषयी संकोच न बाळगता लिहिले. १५९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासात भर घालत राहिला. स्वतःविषयीचा शेवटचा निकाल देण्याची त्याला घाई नव्हती. बाबा त्या क्षणी काय विचार करत असतील हे आपल्याला ठाऊक नसेल, तर ठाऊक नाही असेच लिहावे. तर्क करायला वाचक आनंदाने पुढे येतो.

प्रश्न : असे लेखन प्रमाणभाषेत करावे की बोलीत?

उत्तर : आपण मनातल्या मनात ज्या भाषेत भांडता, तिच्या जवळपासच्या भाषेत. लेख मोठ्याने वाचून पाहावा. जिथे जीभ अडखळते किंवा आपलेच वाक्य म्हणताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, तिथे ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘सदैव स्मरणात राहील’ अशी मंडळी बहुधा दडून बसलेली सापडतात.

प्रश्न : एका लेखात बहिणीचा उल्लेख केला, ती दुखावली. आपल्या माणसांविषयी किती लिहावे?

उत्तर : स्वतःची फजिती आपण खुशाल चव्हाट्यावर मांडावी, ती आपल्या मालकीची असते. दुसऱ्याचा आजार, पैशांची अडचण, मोडलेले लग्न यांच्यावर आपला तसा हक्क पोहोचत नाही, आणि नाव बदलल्याने काम भागते असेही नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचे ते नातेवाईक पहिल्या दोन वाक्यांतच माणूस ओळखतात. म्हणून प्रसिद्धीपूर्वी तो मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवावा. संमती मिळाली नाही तर तो भाग गाळावा. पुष्कळदा असे दिसते की त्याविना लेखाचे काही अडत नव्हते. मी स्वतः एका मित्राच्या चिक्कूपणावर एक खुसखुशीत ओळ लिहिली होती. वाचक हसले, मित्र दोन वर्षे बोलला नाही, आणि तो लेख होता पावसावर.